नवा टॅटू, दमट हवा: फिल्म लावावी की उघडा ठेवावा?

टॅटू काढल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे काय करायचं, याची स्टुडिओत आता दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे चिकटणारी पारदर्शक फिल्म, जिला सगळे सेकंड स्किन म्हणतात. दुसरी जुनी पद्धत: दिवसातून दोन-तीनदा सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवा, टिपून घ्या, लोशनचा अगदी पातळ हात फिरवा आणि उघडा ठेवा. माझ्या हातावरचा, कोपराच्या जरा खालचा टॅटू फिल्मखाली बरा झाला आणि पोटरीवरचा उघडा. दोन्ही रत्नागिरीत राहूनच बरे केले. आज दोन्हींच्या रेषा सारख्याच स्वच्छ दिसतात, त्यामुळे शेवटी दिसणाऱ्या टॅटूवरून निवड करावी असं मला वाटत नाही. मधले दिवस कसे जातात, त्यावर करावी.

फिल्मचे पहिले दोन दिवस खरोखर सुखाचे असतात, हे आधी मान्य करतो. कपडा घासला तरी झोंबत नाही, अंथरुणाला डाग लागत नाहीत, अंघोळ बिनधास्त करता येते. आत जखमेतून झिरपणारी लस आणि शाई मिसळून काळपट पाणी साठतं, ते बघून घाबरायचं कारण नाही. साधारण चोवीस तासांनी पहिली फिल्म काढून, धुऊन, नीट कोरडं करून दुसरी लावतात. ती तीन ते पाच दिवस राहावी अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा आपल्या हवेत टिकत नाही, आणि माझा निर्णय इथेच फिरला. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी बाजारात जाऊन आलं की घाम दंडावरून ओघळत कोपरात येतो आणि फिल्मची वरची कड उचलतो. सुरुवातीला नखाएवढीच जागा सुटते. ती दाबून बसवली तरी ओल्या त्वचेवर गोंद पुन्हा धरत नाही. संध्याकाळपर्यंत तिथून आतलं पाणी मनगटाकडे झिरपायला लागतं आणि घाम आत शिरतो. कड उघडली की फिल्म काढायची, हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे, कारण ती मग जखम झाकत नाही, नुसती ओल कोंडते. म्हणजे पाच दिवसांच्या भरवशावर घेतलेली फिल्म दुसऱ्याच दिवशी काढावी लागते आणि नव्या तुकड्याचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. माझ्या हातावर फिल्मच्या कडेने बारीक लाल पुरळही उठलं. ते गोंदामुळे की घामामुळे, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. पाठीवर किंवा खांद्याच्या सपाट भागावर, पंख्याखाली बसून काम असणाऱ्याला कदाचित यातलं काहीच जाणवणार नाही.

उघड्या टॅटूलाही कटकटी आहेत. सकाळी चादर चिकटते. ती ओढायची नाही, पाणी लावून सोडवायची. माशा-डासांपासून जपावं लागतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात आणि खाज अशी येते की रात्री झोपेत हात जातो. खाजवू नका, वरून हलकं थोपटा. पापुद्र्याबरोबर रंग पडताना दिसतो, पण टिकणारी शाई त्याच्या खालच्या थरात असते. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळा: आपल्याकडे जुलैत टॉवेल वाळतच नाही, आणि त्या आंबूस टॉवेलने टॅटू पुसू नये. टिश्यू पेपर वापरा. विहिरीचं पाणी गढूळ झालं असेल तर उकळून गार करून घ्या. एवढं केलं की बाकी काम हवाच करते. कोरड्या प्रदेशात खपली कडक होऊन तडकते म्हणतात. माझ्या पोटरीवर तशी एकही जाड खपली धरली नाही, आणि याचं श्रेय मी किनाऱ्यावरच्या दमटपणाला देतो.

घरचं खोबरेल आणि हळद सुचवणारं माणूस प्रत्येक घरात असतं, आणि ते मायेनेच सांगतं. तरी ओल्या जखमेवर हळद नकोच. खोबरेल पापुद्रे पडून गेल्यावर, तेही बोटभर. आधीच चिकट असलेल्या हवेत तेलाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड थर दिला की घाम कोंडून वर पुळ्या येतात.

समुद्राच्या बाबतीत मात्र दोन्ही पद्धतींत काडीचा फरक नाही. गोव्यात टॅटू काढून येताना तारकर्लीला स्कूबा करायचा बेत असतो आणि फिल्म त्यासाठीच मागितली जाते. फिल्म अंघोळीच्या पाण्यापुरती आहे. टॅटू पूर्ण बरा होईपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, समुद्र, खाडी, तळं सगळं बंद. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू असू शकतो. पाच दिवसांचा टॅटू घेऊन मेक्सिकोच्या आखातात पोहलेल्या एका माणसाची नोंद २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्याला यकृताचा जुना आजार होता, आणि तो वाचला नाही. गणपतीसाठी टॅटू काढणार असाल तर महिनाभर आधी काढा, म्हणजे विसर्जनाला पाण्यात उतरता येईल. लाली पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला तर लोशन बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर आधीच विचारून घ्या.

जेटीवर मासळीत हात घालणाऱ्याने किंवा गॅरेजमध्ये काम करणाऱ्याने फिल्म जरूर लावावी, तिथे घाण दूर ठेवणं जास्त महत्त्वाचं. बाकीच्यांना मी पहिल्या रात्रीपुरती फिल्म आणि मग उघडा, असं सुचवेन. काढताना ती वर ओढू नका. कोमट पाण्याखाली हात धरा, एक कड सोडवा आणि त्वचेला समांतर ताणत, केसांच्या दिशेने सावकाश सोडवत न्या.