फोनच्या सेन्सरने ट्रकमधील कंपाचे कारण शोधणे : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरमधून चालणाऱ्या आमच्या ट्रकांवर गेले सहा-सात महिने मी फोनमधील कंपनमापक अ‍ॅप सातत्याने वापरत आहे. फोनच्या आत जो त्वरणमापक सेन्सर असतो, त्याची नोंद घेऊन हे अ‍ॅप सेकंदाला किती वेळा हादरा बसतो, म्हणजे किती हर्ट्झचा कंप आहे, ते आलेखावर दाखवते. एकही नट सैल करण्यापूर्वी संशयित भागांची यादी दोन-तीन नावांवर आणण्यासाठी मला याहून स्वस्त आणि खात्रीचे साधन सापडलेले नाही. मात्र त्यासाठी गाडीचे काही आकडे आधी हाताशी असावे लागतात, आणि ते नसतील तर आलेखाचा काहीही उपयोग होत नाही.

पहिला आकडा टायरच्या एका फेऱ्याचा. भरलेल्या गाडीच्या टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी बरोबर एक फेरा पुढे घ्यावी आणि दोन खुणांमधील अंतर टेपने मोजावे. १०.०० आर २० टायरला ते साधारण ३.२ मीटर भरते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, त्याला ३.२ ने भागले की चाक सेकंदाला सुमारे ५.२ वेळा फिरते. दुसरा आकडा क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधील दात्यांच्या जोडीचा. आमच्या गाडीत ४१ आणि ७ दात, म्हणजे ५.८६ पट, म्हणून त्याच वेगाला प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा फिरता दांडा) सेकंदाला सुमारे ३०.५ वेळा फिरतो. त्यामुळे आलेखावर ५ हर्ट्झच्या आसपास उसळी दिसली तर टायर, रिम, हब किंवा ड्रमकडे पाहावे, ३० च्या आसपास दिसली तर शाफ्टच्या बॅलन्सकडे आणि ६१ च्या आसपास दिसली तर क्रॉस जॉइंटच्या (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याच्या) कोनाकडे, कारण कोनात चालणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो.

आता सर्वांत महत्त्वाची अडचण, जी कोणत्याही अ‍ॅपच्या माहितीत मला वाचायला मिळाली नाही. टॉप गिअर डायरेक्ट, म्हणजे एकास एक असेल तर इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे त्याचाही आकडा ६१ च येतो. आलेखावर एकच उसळी, आणि तिच्यामागे इंजिनाचे माउंटिंग आहे की शाफ्टचा जॉइंट, हे केवळ आकड्यावरून कळणे अशक्य असते. यावर उपाय म्हणजे वेग तोच ठेवून एक गिअर खाली घेणे. गाडीचा वेग बदलत नाही, त्यामुळे चाकाचा आणि शाफ्टचा आकडा जागेवर राहतो. इंजिनाचा मात्र वर सरकतो. जी उसळी हलली नाही, ती इंजिनाची नाही.

आमच्या एका गाडीचे पाट्यांचे (स्प्रिंगचे) काम करून आणल्यानंतर चालकाने तक्रार केली होती, “मालक, चाळीसच्या पुढं सीटखालनं गुणगुणतंय, स्टिअरिंग मात्र शांत आहे.” ज्या गॅरेजमध्ये काम झाले होते, तिथे पुढची चाके बॅलन्स करून दिली गेली आणि फरक पडला नाही. चालकाचे वाक्य नीट ऐकले असते तर तो खर्च करण्याचे कारणच नव्हते, कारण पुढच्या चाकाचा दोष प्रथम स्टिअरिंगमध्ये जाणवतो. आम्ही खेड शिवापूरच्या पुढील सपाट डांबरी पट्ट्यावर पहाटे गाडी नेली आणि ताशी ४५ चा वेग धरला, कारण ६० ला एक गिअर खाली घेतला तर इंजिन फार वर जाते. टॉपमध्ये ४६ हर्ट्झला ठळक उसळी दिसली. एक गिअर खाली घेतल्यावर इंजिनाची वेगळी उसळी ६४ च्या आसपास उमटली, परंतु ४६ ची उसळी जशीच्या तशी राहिली. शाफ्टचे दुप्पट गणित जुळले. गॅरेजमधील तपासणीच्या खड्ड्यावर गाडी घेऊन मिस्त्रींनी शाफ्टवरची धूळ पुसली, तेव्हा स्लिप जॉइंटच्या (शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत सरकतात त्या सांध्याच्या) दोन्ही तुकड्यांवरील बाणांच्या खुणा समोरासमोर नव्हत्या. शाफ्ट परत जोडताना स्प्लाइन (सांध्यातील उभे दाते) एका दाताने सरकली होती, त्यामुळे दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका पातळीत राहिले नव्हते आणि एका क्रॉसने केलेली चढ-उतार दुसरा क्रॉस भरून काढू शकत नव्हता. खुणा जुळवून बसवल्यावर कंप गेला. एकही सुटा भाग बदलावा लागला नाही, सुट्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेत जावे लागले नाही.

वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. फोन स्प्रिंगच्या होल्डरमध्ये ठेवू नये; होल्डर स्वतःच हलतो आणि त्याचाच कंप नोंदला जातो. दुहेरी चिकटपट्टीने तो गिअरबॉक्सवरील फ्लोअरच्या पत्र्यावर घट्ट बसवावा. वेग काट्यावर न पाहता जीपीएसवर पाहावा. अ‍ॅपमध्ये नोंदीचा कालावधी एक सेकंद ठेवलेला असेल तर ५ आणि ५.५ मधील फरक दिसत नाही. तो दहा सेकंद केला की एक दशांश हर्ट्झपर्यंत वाचता येते, पण तेवढा वेळ वेग स्थिर राहायला हवा. फोन सांभाळायला दुसरा माणूस असावा, चालकाने त्याला हात लावू नये. काँक्रीटच्या रस्त्यावर चाचणी घेऊच नये: सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, त्यामुळे ६० च्या वेगाला ३.७ हर्ट्झची एक उसळी रस्त्याचीच उमटते आणि ती चाकाची वाटते.

मर्यादाही स्पष्ट लिहितो. आमच्या फोनचा सेन्सर सेकंदाला २०० नोंदी घेतो, म्हणून १०० हर्ट्झच्या वरचे त्यात विश्वासाने वाचता येत नाही. सहा सिलिंडरचे इंजिन २,००० फेऱ्यांवर नेमके १०० ला पोहोचते, त्यामुळे त्यापुढील तपास या साधनाने होणार नाही. गाडी जागेवरून हलवताना क्लच थरथरतो तो प्रकार इतका क्षणिक असतो की आलेखात नीट येत नाही. किंगपिनची (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खुंटीची) ढिलाई, हबच्या बेअरिंगचा ढिलेपणा किंवा पाट्यांचा तुटलेला सेंटर बोल्ट यासाठी चाक जॅकवर उचलून हाताने हलवून पाहणे, यू बोल्ट तपासणे, याला पर्याय नाही.

चाकाचा आकडा आला तरी तिथेही शोध संपत नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर कंप येत असेल तर ड्रम अंडाकृती झाला आहे असे समजून आधी तो मोजावा. ब्रेकशिवाय येत असेल तर बॅलन्सिंगपूर्वी टायरच्या बाजूवरची गोल रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, ते पाहावे. एका गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाला ती एका बाजूला बोटभर आत गेलेली दिसली. टायर रिमवर पूर्ण बसलेलाच नव्हता, आणि अशा चाकाला कितीही वजने लावली तरी ते वाकडेच धावते. ते काम करताना हवा पूर्ण सोडूनच लॉक रिंग (टायर रिमवर अडकवून ठेवणारी कडी) काढावी आणि पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी, कारण सुटलेली लॉक रिंग माणसाचा जीव घेते.

वेग बदलला तरी जो आकडा बदलत नाही, तो फिरणाऱ्या भागाचा नसतो. तिथे केबिनच्या माउंटिंगचे रबर, शॉकअब्सॉर्बर आणि पाटे पाहावेत. आमच्या तिसऱ्या गाडीत नेमके तसेच दिसत आहे, आणि पुढच्या फेरीपूर्वी केबिनची मागची दोन रबरे उघडायची आहेत.