कोवळ्या कलमांच्या छाटणीसाठी बायपास सिकेटर, दोन सीझन वापरून

आधी माझ्याकडे एक पातं खालच्या सपाट पट्टीवर येऊन दाबतं तसला सिकेटर होता, त्याने पेरूच्या कलमाची फांदी कापली तर साल अशी चेचली गेली की तिथून बोटभर खालपर्यंत फांदी काळी पडून वाळली. वाळकं लाकूड तोडायला तो ठीक आहे, जिवंत कोवळ्या फांदीला नको. म्हणून हा बायपास घेतला, कात्रीसारखी पाती एकमेकांना घासून जातात तो, आणि फरक पहिल्याच कटला दिसला, काप एकदम गुळगुळीत, कुठे तूस नाही की फाटलेली साल नाही.

मला सगळ्यात आवडलं ते याचं निमुळतं टोक. लहान झाडाला सगळं काम बेचक्यातच असतं, दोन फांद्या खोडाला अगदी चिकटून वर निघाल्या असतील तर त्यातली एक काढावीच लागते, कारण त्या अरुंद बेचक्यात साल आत दबली जाते, लाकूड नीट जुळत नाही आणि पुढे फळांच्या वजनाने तिथूनच फांदी चिरते. जाड टोकाचा सिकेटर तिथे आत जातच नाही, मग मागे खुंटी राहते आणि ती कुजते. हा बरोबर आत जातो. फक्त धारेचं पातं खोडाच्या बाजूला आणि आकडा, म्हणजे समोरचं वाकडं बोथट पातं, टाकून द्यायच्या फांदीच्या बाजूला धरायचा, आणि फांदीच्या मुळाशी जी थोडी फुगीर कड असते ना, ती ठेवून तिच्या बाहेर कापायचं, अगदी खोडालगत नाही. मागच्या वर्षीचे माझे काप आता बघितले तर चारही बाजूंनी नवीन सालीची गोल कड आत सरकत आलीये, वरून काहीही लावलं नव्हतं, लावायची गरजही नसते.

शेंडा मी गुडघ्याच्या वर, साधारण 60-70 सेंमीवर मारला होता. नंतर फुटवे भरपूर आले, त्यातले चार ठेवले, चार दिशांना आणि एकाखाली एक थोडं अंतर सोडून, बाकीचे काढले. पेरूला डोळे, म्हणजे जिथून नवीन फूट निघते ते कोंब, समोरासमोर येतात त्यामुळे फांदी आखूड करताना आतल्या बाजूचा डोळा नखाने खुडून टाकते, म्हणजे नवीन फूट बाहेरच जाते आणि मधे ऊन पोचतं. कलमाच्या जोडाखालून येणारी खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलंय त्याची, फूट तर दिसली की लगेच काढा प्लीज, ती कलमाचंच अन्न खाते.

आता तक्रारी. 2 सेंमीच्या वर जाडी असेल तर याला ताण देऊ नका, पिळून कापायला गेलं की पात्यांमधे फट पडते, मग तो पण चेचायला लागतो, तिथे करवतच हवी. लॉक ढिला आहे, खिशात उघडतो, हे खरंच धोक्याचं आहे. आणि स्प्रिंग दोनदा उडून गवतात गेली, दुसऱ्यांदा सापडलीच नाही. पाती मात्र सुटी होतात त्यामुळे धार लावायला आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायला सोपं जातं.

चार स्टार. सोबत एक जादा स्प्रिंग दिली असती तर पाच दिले असते.