ग्लायडरसाठी पॅराशूट घेताना: पाठीवरचं की बुडाखालचं, हाताचं की दोरीचं?

धुळ्याला किंवा शिरपूरला विमान चालवायला शिकलात आणि आता ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला पुण्याच्या हडपसर ग्लायडिंग सेंटरकडे डोळा आहे, तर स्वतःचं पॅराशूट घ्यायची घाई करू नका. विंचने (जमिनीवरून दोर ओढून ग्लायडर वर चढवणारं यंत्र) साधारण हजारभर फूट चढायचं आणि उतरायचं, एवढ्यात कॅनोपी (डोक्यावरचं काचेचं झाकण) उडवून, पट्टे सोडून, बाहेर पडून छत्री उघडायला वेळ पुरेलच असं नाही. खरी गरज लागते ती उंचावर, वर चढणाऱ्या गरम हवेच्या एकाच झोतात, म्हणजे थर्मलमध्ये, चार-पाच ग्लायडर घिरट्या घालत असताना. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पॅराशूट सक्तीचं आहे ते उगाच नाही. क्रॉस-कंट्री (धावपट्टीपासून लांबचं उड्डाण) करायची असेल तर मात्र पुढे वाचा.

छत्री कशी आहे हे सगळे आधी विचारतात. मी आधी बसून बघायला सांगेन. ग्लायडरमध्ये आपण रेलून बसतो, त्यामुळे पाठीवरचं पातळ पॅराशूट बहुतेकांना सोयीचं. बुडाखालचं घेतलंत तर माणूस वर उचलला जातो आणि उंच माणसाचं डोकं काचेला टेकतं. खोलगट सीटच्या विमानातच ते बरं. पाठीवरचंही जाड निघालं तर तुम्ही पुढे सरकता आणि पेडलपाशी पाय अवघडतात. शिवाय सहा ते नऊ किलोंचं हे ओझं सीटच्या वजनमर्यादेत धरावं लागतं. ज्या ग्लायडरमध्ये उडणार, त्यातच बांधून बसा, कॅनोपी लावा, मग ठरवा.

दुसरा वाद हाताने ओढायच्या रिपकॉर्डचा आणि स्टॅटिक लाइनचा. स्टॅटिक लाइनची दोरी ग्लायडरमधल्या कडीला अडकवलेली असते. माणूस बाहेर पडला की छत्री आपोआप उघडते. जर्मनीत ही पद्धत रुळलेली आहे. टकरीने भांबावलेल्या किंवा जखमी माणसाला हँडल शोधावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण गरगरणाऱ्या ग्लायडरजवळच छत्री उघडली तर गुंतायची भीती असते. आणि उतरल्यावर दोरी न सोडता कोणी उठला की छत्री धावपट्टीवर सांडते, मग पुन्हा घडीचा खर्च. दहा जण वापरणार असतील तर मी स्टॅटिक लाइन घेईन, एकट्यासाठी रिपकॉर्ड. ‘सॉफ्टी’ हे अमेरिकन बनावटीचं पॅराशूट रिपकॉर्डचं आहे.

चौकोनी छत्री वळवता येते, विजेच्या तारा चुकवता येतात. भुसावळजवळ दीपनगर वीज केंद्राभोवतीचं तारांचं जाळं पाहिलं की मोह होतोच. पण ती सरावाशिवाय हाताळता येत नाही. पहिल्यांदाच उडी मारणाऱ्याला गोल छत्रीच बरी.

खरा घोळ घडीचा. अमेरिकेच्या नियमाने कृत्रिम धाग्याच्या पॅराशूटची घडी दर १८० दिवसांनी अधिकृत रिगरकडून (पॅराशूट तपासून घडी घालणारा तंत्रज्ञ) नव्याने घालावी लागते. युरोपीय मालासाठी उत्पादकाचं पुस्तक बघा. विकणाऱ्याला किंमत विचारण्याआधी घडी कोण घालून देणार ते विचारा. तो पत्ता मिळाला नाही तर स्वस्त माल घेऊ नका. (गंमत म्हणजे कानपूरच्या पॅराशूट कारखान्याच्या सरकारी कंपनीचं नाव ग्लायडर्स इंडिया लिमिटेड, आणि ती ओळखली जाते पॅराशूटसाठी!)

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. बंद गाडीच्या डिकीत पॅराशूट ठेवलं तर दोऱ्या अडकवणारी रबरं चिकट होतात. ऊन आणि घाम नायलॉनचं आयुष्य खातात. घरातल्या कोरड्या कपाटात ठेवा.

जुनं घेताना झाकण उचला: पिन सरळ आणि पूर्ण आत आहे का, सीलचा लाल दोरा अखंड आहे का, लेबलवर निर्मितीचं वर्ष आणि वजन-वेगाची मर्यादा वाचता येते का. तुमचं वजन कपडे-बुटांसह त्या मर्यादेत बसलं पाहिजे. लेबल पुसलेलं असेल तर सौदा तिथेच थांबवा.