एमजीबीचे पुढचे कॅलिपर: जुनेच उघडावेत, नवे घ्यावेत की चार पिस्टनचे?

ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, थोडं चालवलं की एकच चाक चटका बसेल इतकं तापतं. एमजीबी या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारमध्ये असं झालं की बहुतेकजण लगेच नवा कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) शोधायला लागतात. त्याआधी एक करा. चाक जाम असतानाच त्या कॅलिपरचा निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करून बघा. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर पिस्टन बहुधा ठीक आहे; रबरी होज आतून फुगून ऑइल परत येऊ देत नसणार. तेव्हा फक्त होज बदला. चाक तरीही जाम राहिलं, तर मात्र कॅलिपरचा निर्णय घ्यायलाच हवा.

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनलेल्या या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. पुढचा लॉकहीड कॅलिपर बिडाचा, दोन पिस्टनचा. बीड सहसा मरत नाही, मरतो पिस्टन. त्यावरचा क्रोमचा मुलामा उडतो, खाली गंज धरतो आणि तो सीलमधून सरकेनासा होतो. सील फक्त ऑइल अडवत नाही. पेडल दाबलं की ते किंचित पिळलं जातं आणि पाय उचलला की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे खेचतं. गंजलेल्या पिस्टनवर नुसतं नवं सील चढवलं, तर पैसे पाण्यात जातात.

म्हणून माझं मत पहिल्या पर्यायाच्या बाजूने: आपलाच कॅलिपर उघडायचा, स्टेनलेस स्टीलचे पिस्टन आणि नवी सील टाकायची. खर्च सर्वांत कमी, गाडीचा मूळ भाग गाडीवरच राहतो. पिस्टन बाहेर काढायला पेडलचाच दाब वापरा, होज त्यानंतर सोडा. दोन अर्ध्या भागांना जोडणारे बोल्ट उघडू नका, त्याची गरज पडत नाही. सीलची खाच मात्र नीट तपासा. तिथे गंजाने खड्डे पडले असतील तर हा पर्याय संपला.

मग येतात नवे किंवा दुरुस्त करून विकले जाणारे कॅलिपर. वेळ वाचतो, पण पिस्टन क्रोमचे की स्टेनलेसचे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. जुना देऊन दुसरा घेण्याच्या व्यवहारात आपला चांगला बिडाचा भाग जातो, हेही लक्षात असू द्या.

अ‍ॅल्युमिनियमचे चार पिस्टनचे कॅलिपर दिसायला देखणे आणि हलके. ट्रॅकवर पळवणाऱ्याला ते खरंच उपयोगी. १९७३ ते १९७६ मधल्या एमजीबी जीटी व्ही८ या आठ सिलिंडरच्या गाडीला तर कारखान्यानेच जाड डिस्क आणि वेगळे कॅलिपर दिले होते, कारण तिथे इंजिनच मोठं होतं. साध्या रस्त्यावरच्या गाडीला त्यांची गरज मला वाटत नाही. पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढलं की तोच मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा भाग) ठेवून पेडल जास्त खाली जातं, पुढचे ब्रेक मागच्यांना भारी पडतात. तारांची चाकं असतील तर कॅलिपर आणि तारा यांच्यातलं अंतर विकत घेण्याआधी मोजा.

काहीही निवडा, दोन्ही बाजू एकदमच करा. आणि बसवताना निपल वरच्या टोकाला आला पाहिजे. डावा-उजवा अदलाबदल झाला तर तो खाली जातो, हवा वरच अडकते आणि कितीही वेळा एअर काढली तरी पेडल स्पंजासारखंच राहतं.