पहिली वेट फ्लाय: स्पायडर की पंखांची?

ट्राउट माशासाठी वेट फ्लाय, म्हणजे गळावर रेशीम-पिसं बांधून केलेली, पाण्याखाली चालवायची नकली माशी, बांधायला शिकायचं ठरलं, की सुरुवात कोणत्या माशीने करायची हा प्रश्न येतो. माझ्या मते खरी निवड दोघींतच आहे: यॉर्कशरची बिनपंखांची 'स्पायडर' माशी 'पार्ट्रिज अँड ऑरेंज' आणि पंखांची 'ग्रीनवेल्स ग्लोरी'. ही दुसरी १८५४ सालची. डरहॅमचे कॅनन (चर्चचे धर्माधिकारी) ग्रीनवेल यांच्यासाठी ती ट्वीड नदीकाठच्या जेम्स राइट यांनी बांधली.

स्पायडरला सामान म्हणजे १४ नंबरचा गळ, नारिंगी रेशीम आणि तितराचं एक ठिपकेदार तपकिरी पीस. रेशीम गळाच्या टोकाच्या वरपर्यंतच न्यायचं, शेपटी नाही, पंख नाहीत. सगळी कसोटी पिसात आहे. दीड-दोन वेढे, त्याहून जास्त नाही. नवखा हात चार-पाच वेढे घालतो आणि माशीचा झाडू होतो. पीस विरळ असलं तरच बारीकशा प्रवाहातही त्याचे तंतू हलतात, आणि पाण्यातून वर येणारा किडा जिवंत वाटतो. भिजल्यावर नारिंगी रेशीम गडद तपकिरी होतं. कोरड्या माशीचा रंग पाहून निराश होऊ नका.

ग्रीनवेलचं शरीरही रेशमाचंच: पिवळ्या धाग्याला चांभारी मेण चोळलं की तो ऑलिव्ह हिरवट होतो. त्यावर सोन्याची बारीक तार. इथवर सोपं. अवघड आहेत ते पंख. पक्ष्याच्या डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसांतून सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, गळावर चिमटीत धरायच्या आणि धाग्याचा सैल फास सरळ खाली ओढायचा. चिमूट जरा ढिली पडली की पट्टी फाटते, नाहीतर धाग्याबरोबर फिरून एका कुशीवर पडते.

डोंगराळ, खळाळत्या नदीत मी स्पायडरच बांधेन. आखूड दोरीने वरच्या अंगाला फेकायची आणि प्रवाहाबरोबर येऊ द्यायची. तळ्यावर होडीतून मासेमारी करणार असाल तर मात्र मी पंखांची माशी निवडेन. तिथे 'पीटर रॉस'सारखी चंदेरी चमक असलेली माशी लाटांतही उठून दिसते.

दोन्ही शिकायच्या असतील तर स्पायडर आधी. मग ग्रीनवेल पंखांशिवाय बांधा: तेच मेणलेलं रेशीम, तीच तार, पुढे स्पायडरसारखं विरळ पीस. तशीही ती ट्राउटला चालते. शरीर एकसारखं येऊ लागलं की पंखांना हात घाला.