ऊसतोड टोळीला सांगलीत रेशन: पोर्टेबिलिटी कितपत चालते?

बीडची टोळी वाळवा-पलूसच्या फडावर उतरली की पहिला प्रश्न रेशनचा. 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे गावाकडचं कार्ड इथल्या कुठल्याही रेशन दुकानात चालतं. मूळ कार्ड सोबत नसलं तरी कार्डाचा किंवा आधारचा नंबर पुरतो. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो. २०२३ पासून धान्य फुकट आहे, त्यामुळे कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

अडतं ते अंगठ्यावर. कोयता आणि पाचटानं बोटांच्या रेषा झिजतात, मशीन दोन-तीनदा नाकारतं. कोमट पाण्यानं हात धुऊन कोरडे करा, दुसरं बोट लावून बघा, नाहीतर कार्डावरच्या दुसऱ्या माणसाला पुढं करा. आधारला जोडलेला मोबाइल चालू असेल तर ओटीपीचा मार्ग उरतो. पण बहुतेकांचं जुनं सिम कधीच बंद पडलेलं असतं. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, गावातच उरकून निघावं. टोळी जमवणारा मुकादम उचल (आगाऊ पैसे) देताना हे बघत नाही, बघायला हवं.

दुसरी गोम साठ्याची. दुकानाचा कोटा तिथल्या कार्डांवर ठरतो. अचानक वीस कोयते, म्हणजे वीस जोडपी, आली की महिनाअखेरीस पोती संपलेली. पहिल्या पंधरवड्यातच जा, पावती मागा, वजन जुळवा. 'तुमचं गावाकडं घ्या' असं उत्तर मिळालं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत तक्रार करा.

या सोयीला पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण त्या अंगठ्यानं आणि साठ्यानं खाल्ला.