जुना एसटीपी की आरएसटीपी?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तीन नेटवर्क स्विच (संगणक एकमेकांना जोडणारे डबे) त्रिकोणात जोडलेत. लूप होऊ नये, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहू नये, म्हणून एक पोर्ट (केबल लावायची जागा) ब्लॉक. तेवढं काम एसटीपी (स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल) नि आरएसटीपी (त्याचाच 'रॅपिड', वेगवान अवतार) हे दोन्ही प्रोटोकॉल चोख करतात. फरक कळतो केबल तुटल्यावर. १९९० चा एसटीपी ब्लॉक पोर्ट उघडताना लिसनिंगच्या टप्प्यात १५ सेकंद, लर्निंगच्या टप्प्यात १५ सेकंद घालवतो. कधी त्याआधी २० सेकंद नुसता थांबतो. तोवर वजनकाट्याची पावती अडकते नि ट्रकवाला हॉर्न बडवतो. २००१ चा आरएसटीपी शेजारच्या स्विचशी थेट बोलून बहुधा सेकंदाच्या आत वाट मोकळी करतो. मी तोच लावतो. फक्त रूट ब्रिज, म्हणजे बाकीचे ज्याला केंद्र मानतात तो मुख्य स्विच, स्वतः ठरवा. प्रायॉरिटी, म्हणजे या निवडीचा आकडा, सगळीकडे आधीपासूनची ३२७६८ च राहिली तर सर्वांत लहान मॅक ॲड्रेसवाला (स्विचचा हार्डवेअर क्रमांक), म्हणजे बऱ्याचदा कोपऱ्यातला जुनाट डबाच, राजा होतो. दोन्हींतही!